पावसाळ्यातला चंदेरी मिग

सकाळी साडेसहाला खिडकीचा पडदा सरकवला आणि मी बनवत असलेल्या प्लास्टिकच्या मॉडेल विमानाच्या पाठीवर साय धरलेली दिसली. आदल्या रात्री साडेअकराला मी ते खोक्याखाली झाकून ठेवलं तेव्हा मिग-२१ चा पत्रा लखलखत होता, निदान पिवळ्या दिव्याखाली तरी. आता उजव्या पंखाची वरची बाजू आणि कॉकपिटच्या मागून शेपटीपर्यंत जाणारा कणा दुधाळ झाला होता. बोटाने पुसलं, गेलं नाही. ओलं फडकं फिरवलं तर पाणी असेपर्यंत खालचा चकचकीत धातू दिसायचा आणि पाणी वाळलं की साय पुन्हा हजर.

ही साय कुठून आली, ती कशी शोधली आणि कशी घालवली, ते सगळं इथे नीट लिहून ठेवतो आहे. लॅकर प्रकारचे, म्हणजे झपाट्याने उडणाऱ्या द्रावकातले, रंग घरी वापरणाऱ्या कुणालाही आपल्याकडच्या पावसाळ्यात हे होऊ शकतं, आणि पहिल्यांदा होतं तेव्हा माणूस हमखास चुकीच्या गोष्टीला दोष देतो. मीही दिला.

आधी हे विमान मी का बनवत होतो ते सांगायला हवं, कारण घाई तिथूनच आली.

आमचं घर नाशिकचं. अण्णा वयाच्या विसाव्या वर्षी, १९७१ साली, ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे सरकारी विमान कारखान्यात, लागले. सोव्हिएत परवान्याखाली मिग-२१ बांधायचं काम तेव्हा तीन ठिकाणी वाटलेलं होतं: सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला. अण्णांच्या हाताखालून गेलेली पहिली विमानं मिग-२१ एफएल, म्हणजे ‘टाइप ७७’. पुढे एम आलं, बिस आलं, मिग-२७ आलं, निवृत्तीआधी सुखोईही आलं. पण अण्णांच्या बोलण्यात ‘आपलं विमान’ म्हणजे एफएलच.

२०२५ च्या जुलैत बातमी आली की सप्टेंबरमध्ये हवाई दल मिग-२१ ला कायमचा निरोप देणार. अण्णांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, “आपलं तर केव्हाच गेलं.” खरंच होतं. एफएल डिसेंबर २०१३ मध्येच पश्चिम बंगालमधल्या कलाईकुंडा तळावर निवृत्त झालं होतं. त्या रात्री माझ्या कपाटात दोन वर्षं पडून असलेला १/४८ चा, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्श्याएवढ्या मॉडेलचा, किट मी बाहेर काढला. २६ सप्टेंबरला चंदीगडला निरोपाचा सोहळा होईल त्या सकाळी अण्णांच्या टेबलावर एफएल उभं असलं पाहिजे, असं मनाशी ठरवलं. आणि तेही चंदेरी, अंगावर दुसरा कुठलाही रंग नसलेलं.

१९७१ च्या युद्धात बऱ्याच एफएलवर तळावरच घाईघाईने हिरव्या-तपकिरी रंगाचे फराटे मारले गेले होते. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर ५७ मिलिमीटरचे रॉकेट सोडणारी विमानं मिग-२१ च होती, आणि मॉडेल बनवणारे बहुतेक जण युद्धातलं विमान म्हणून तो छद्मरंगच निवडतात. रंगवायलाही तो सोपा. मॅट हिरवा-तपकिरी चुका पोटात घालतो. चंदेरी काहीच पोटात घालत नाही. तरी मला तेच हवं होतं, कारण अण्णांनी जुळणीच्या शेडमध्ये पाहिलेलं विमान उघड्या पत्र्याचं होतं.

जोडणीबद्दल फार लिहीत नाही. एफएलची कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, एकसंध असते आणि पुढच्या बाजूला उघडते, तर नंतरच्या पीएफएम या मिग-२१ च्याच प्रकाराची समोरची काच वेगळी आणि कॅनॉपी बाजूला उघडणारी. किट निवडताना एवढं पाहिलं तरी बरीच चूक टळते. पंखांचा पसारा खऱ्या विमानात सव्वासात मीटरच्या आत आहे, म्हणजे १/४८ मध्ये जेमतेम १५ सेंटिमीटर. तळहातावर मावणारं विमान.

सांधा मात्र महत्त्वाचा. दोन अर्ध्या भागांचं धड चिकटवल्यावर पाठीवर जी रेघ राहते ती मी पुट्टीने न भरता सुपरग्लूने भरली. पुट्टी सच्छिद्र असते. ती वरचा पातळ रंग शोषते आणि चंदेरीखाली तिची मंद रेघ भुतासारखी उमटते. मग पॉलिश पेपर ८०० पासून सुरू करून २००० पर्यंत, आणि पुढे मऊ पॉलिशिंग कापड. नंतर भांडी घासायच्या लिक्विडने आंघोळ, म्हणजे साच्यातलं तेल आणि हातांचा चिकटपणा दोन्ही जातात. त्यावर चकचकीत काळा लॅकर. धातूरंगाचे कण इतके बारीक असतात की त्यांची चमक खालच्या काळ्या थराच्या गुळगुळीतपणावर ठरते. काळा थर आरसा झाला, तरच वरची चांदी पत्र्यासारखी दिसते.

त्यावर धातूरंग. एअरब्रशचा, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या ब्रशचा, नोझल ०.३ मिलिमीटर, हवेचा दाब १२ ते १५ पीएसआय, ब्रश जवळ धरून पातळ पातळ थर. तीन-चार फेऱ्यांत काळ्याचं ॲल्युमिनियम होतं, आणि ते होताना पाहणं हा या छंदातला मला सगळ्यात आवडणारा अर्धा तास आहे.

चूक यानंतर झाली. धातूरंगावर डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, लावण्याआधी पारदर्शक चकचकीत लॅकरचा थर देतात. तो मी १९ ऑगस्टच्या रात्री दिला. रात्रीच का, यालाही कारण होतं. रंगकामाची माझी खोली म्हणजे मागची बंद केलेली बाल्कनी. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला देवघर. लॅकरच्या वाफा पेट घेतात. संध्याकाळचं निरांजन शांत होईपर्यंत आणि गॅस बंद होऊन ओटा आवरेपर्यंत मी बाटलीचं झाकण उघडत नाही. हा नियम मी कधी मोडलेला नाही आणि मोडणारही नाही. शिवाय तोंडाला कोळशाचे कार्ट्रिज असलेला मास्क लावावा लागतो, कारण साधा एन-९५ धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. तेव्हा माझं काम साडेदहाच्या पुढेच सुरू होतं. बाहेर आठवडाभर झड लागलेली होती.

पहिला उपाय, चुकलेला

साय दिसल्यावर मला वाटलं की थर पातळ पडला, नीट भिजला नाही, म्हणून खरखरीत झाला. त्याच रात्री मी कण्यावर दुसरा थर मारला, जरा जास्त ओला. ओला असताना तो सुंदर दिसला. सकाळी कणा पंखापेक्षाही पांढरा होता. धुरकटपणा आता दोन थरांत अडकला होता. हा दुसरा थर ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक. कारण कळण्याआधी वर काहीही मारू नये, हे मला माहीत असायला हवं होतं.

मग मी थांबलो. चार शक्यता कागदावर लिहिल्या. बाटली जुनी झाली असेल. कॉम्प्रेसरमधून पाणी येत असेल. खालचा काळा थर पूर्ण वाळला नसेल आणि त्यातलं द्रावक वर येत असेल. किंवा हवाच दमट आहे.

चाचणीसाठी प्लास्टिकचे चमचे वापरले. मॉडेलवाल्यांचा हा जुना मार्ग आहे: लग्नकार्यात आइस्क्रीमबरोबर मिळायचे तसले पांढरे चमचे, मागची बाजू फुगीर, विमानाच्या नाकासारखी. त्यातले बरेचसे पॉलिस्टायरीनचेच असतात, म्हणजे किटच्याच प्लास्टिकचे. बारा चमच्यांवर काळा आणि चंदेरी थर देऊन ठेवला आणि प्रत्येकाच्या दांड्यावर मार्करने आकडा घातला.

बाटलीचा संशय दुसऱ्या दिवशी दुपारीच फिटला. पाऊस उघडला होता, ऊन पडलं होतं. घरात निरांजन नाही, गॅस बंद, घरातले बाहेर गेलेले. त्याच बाटलीतला तोच लॅकर तीन चमच्यांवर मारला. तिन्ही काचेसारखे वाळले.

पाण्याचा संशय फेडायला काळी गुळगुळीत टाइल घेतली आणि एअरब्रशमध्ये रंग न घालता नुसती हवा एक मिनिट सोडली. काही नाही. दहा मिनिटं सोडली तेव्हा दोन बारीक थेंब उडाले. म्हणजे पाणी येत होतं, पण उशिरा येत होतं. हवा दाबली की तापते, टाकीत जाऊन निवते, आणि निवताना तिच्यातलं पाणी सुटतं. पावसाळ्यात ते जास्त सुटतं. टाकीखालची तोटी उघडली तर चमचाभर तांबूस पाणी निघालं. पण थेंबांची खूण वेगळी असते. थेंब पडला की तिथे टिकली उमटते, सलग साय येत नाही. तेव्हा हा दोष खरा होता, पण या प्रकरणातला आरोपी तो नव्हता. तोटी आता मी दर खेपेला उघडतो.

काळ्या थराची शंका लवकर संपली. चमच्याच्या आतल्या बाजूला नख दाबलं, खूण उमटली नाही, वासही नव्हता.

राहिली हवा. तीन चमचे रात्री अकराला रंगवले, शेजारी आर्द्रतामापक ठेवून. काटा ८८ वर होता, तापमान २५ अंश. तिन्ही चमच्यांवर पंधरा मिनिटांत साय आली. डोळ्यांसमोर आली. आधी थर ओला, काळसर-चकचकीत. मग कडेकडून श्वास लागल्यासारखा पांढुरका. मग सगळाच दुधी. पांढरा टॉर्च धरला म्हणून ते दिसलं. विमान रंगवलं त्या रात्री मी पिवळ्या दिव्यात बसलो होतो, आणि पिवळा प्रकाश ही साय खाऊन टाकतो.

नेमकं काय होतं

सॅनिटायझर हातावर चोळला की गार लागतं. लॅकरमधलं द्रावकही तसंच झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभाग गार करतं. २५ अंशांना आर्द्रता ८८ टक्के असेल तर हवेतलं पाणी साधारण २३ अंशांवर दंव होऊन जमू लागतं. म्हणजे विमानाचा पत्रा दोन-तीन अंशांनी निवला की पुरे, ओल्या लॅकरवर दंव पडलंच. फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर जमतं तेच हे दंव, फक्त इथे ते ओल्या थरात मुरतं. थर वाळतो, पाणी निघून जातं, पण त्याच्या जागी असंख्य सूक्ष्म पोकळ्या राहतात. उजेड त्यांत विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. ओल्या फडक्याने साय तात्पुरती का जायची, तेही यातून कळतं: पाणी त्या पोकळ्या भरून काढत होतं.

मग चंदेरी थरावर साय का आली नाही? तोही लॅकरच, तोही रात्रीच मारलेला. याचं उत्तर मिळाल्यावर मला खरा आनंद झाला. धातूरंग कमी दाबाने, पातळ धुक्यासारखा मारतात. त्याचा कण पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा वाळलेला असतो. पारदर्शक थर मात्र ओला, भरपूर, पसरावा म्हणून मारतात. जास्त ओल म्हणजे जास्त वेळ उडणारं द्रावक, जास्त गारवा, दंवाला जास्त वेळ.

माझी रात्रीची वेळ घरासाठी सगळ्यात सुरक्षित होती आणि रंगासाठी सगळ्यात वाईट. रात्री तापमान उतरतं तशी आर्द्रता चढते.

दुरुस्तीला पंखापासून सुरुवात केली, कारण तिथे एकच थर होता. लॅकरचा सौम्य थिनर मिळतो, त्यात सावकाश उडणारं द्रावक मिसळलेलं असतं. रंग न घालता नुसता तोच थिनर दुपारच्या कोरड्या वेळी हलक्या धुक्यासारखा पंखावर मारला. वरचा थर पुन्हा मऊ झाला, पोकळ्या मिटल्या, आणि सावकाश वाळल्यामुळे दंवाला संधी मिळाली नाही. वीस मिनिटांनी उजवा पंख डाव्यासारखा झाला होता. मी तो खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ तिरपा धरून पाहत बसलो.

इथे एक सांगतो. हार्डवेअरच्या दुकानात गाड्यांच्या रंगासाठी एनसी थिनर मिळतो. तो एअरब्रश धुवायला उत्तम आहे. मॉडेलवर मात्र मारू नये. तो पॉलिस्टायरीनला खातो, पृष्ठभागावर जाळी पडते, आणि ती दुरुस्त होत नाही.

कण्यावर हाच उपाय फसला. दोन थर, दोन्ही धुरकट. वरचा उघडेपर्यंत थिनर इतका लागला की खालचे चंदेरी कण हलले आणि तेलाच्या तवंगासारखी वळणं उमटली. शेवटी कण्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून, २००० च्या पेपरने पाण्यात घासत, काळ्या थरापर्यंत खाली गेलो. टेप लावण्याआधी ती तळहाताच्या मागच्या बाजूला दोन-तीनदा चिकटवून काढली, म्हणजे चिकटपणा मरतो आणि चंदेरी रंग टेपेबरोबर उचकटून येत नाही. घासताना पॅनेलच्या रेषा बुजल्या, त्या सुईने पुन्हा कोरल्या. यात चार संध्याकाळी गेल्या.

पुढची अडचण अशी की दुपार मला फक्त रविवारी मिळते, आणि रविवारी उघडीप मिळेलच असं नाही. तेव्हा रात्रीलाच दुपार करायला हवं होतं. एका पुठ्ठ्याच्या खोक्यात ४० वॉटचा जुना बल्ब लावला, वर हवा जायला भोकं ठेवली. आत तापमान ३५ अंशांपर्यंत चढतं. हवेतलं पाणी तेवढंच, पण हवा तापल्यामुळे ८८ ची आर्द्रता ५० च्या आसपास येते. प्लास्टिकला ३५ अंशांचा काहीच त्रास नाही. लॅकर मारण्याआधी विमान यात वीस मिनिटं ठेवायचं. त्याचं अंगच कोमट असलं की द्रावक उडून निवलं तरी ते दंवाच्या खाली जात नाही. रंगवताना बल्ब बंद आणि खोका लांब, वाफांमुळे. थर बोटाला लागेनासा झाला आणि वास ओसरला की मग पुन्हा आत.

आधी चमचे तपासले. रात्री अकरा, आर्द्रता ८६, बाहेर पाऊस, कोमट केलेला चमचा: स्वच्छ. शेजारी गार चमचा: साय. मग विमान.

अण्णांनी बघितलं ते

कणा पुन्हा चंदेरी करण्याआधी मी विमान पहिल्यांदा अण्णांना दाखवलं. खरं तर ते २६ तारखेपर्यंत लपवायचं होतं. पण मला एक विचारायचं होतं.

“अण्णा, पत्रा एकसारखा असायचा का हो?”

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, विमान नाकाशी आणलं. “एकसारखा कसा असेल? हा पत्रा वेगळ्या गठ्ठ्यातला, तो वेगळ्या. याला ताण दिलेला, त्याला नाही. शेडच्या दारातून उजेड आला की प्रत्येक तुकडा वेगळा दिसायचा.” मग शेपटीकडे बोट नेलं. “आणि इथे, भट्टीच्या तोंडाशी, हे असलं चांदीचं नसतं. काळपट. थोडं जळलेलं.”

मी सगळ्या विमानाला एकच ॲल्युमिनियम दिलं होतं. आता कण्याबरोबर दहा-बारा पॅनेल टेपने वेगळी करून धातूरंगात काळ्याचे थेंब कमीजास्त करत छटा बदलल्या. फरक इतका कमी ठेवला की समोरून दिसू नये, तिरपं धरल्यावर दिसावा. मागच्या टोकाला पोलादी आणि तपकिरी-निळसर झाक. नाकातला शंकू आणि शेपटीचं टोक गडद हिरवं, कारण तिथे धातू नसतो. आतल्या रडार आणि अँटेनाच्या लहरी आरपार जाऊ देणारं साहित्य असतं.

डिकलच्या वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. त्यात भिजवलेलं डिकल वाळलं की कडेला क्षारांचं पांढरं कडं राहतं, आणि चंदेरीवर ते डोळ्यात खुपतं. चमच्यावर बघून घेतलं म्हणून वाचलो. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणलं आणि वर्तुळं लावली: बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. चकचकीत थर नीट बसलेला असल्यामुळे खाली हवा अडकली नाही आणि फिल्मची कड विरघळल्यासारखी झाली. पॅनेलच्या रेषांत टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी तैलरंग सोडला, पुसला. शेवटचा थर अर्धचकचकीत, तोही कोमट पत्र्यावर.

२४ सप्टेंबरला विमान पूर्ण झालं. डाव्या पंखाखाली, चाकाच्या खाचेजवळ, नखाएवढी साय मी तशीच ठेवली आहे. तिथे थिनर साठला असता आणि खाचेतली कलाकुसर गेली असती.

२६ तारखेला सकाळी टीव्हीवर चंदीगडचा सोहळा चालू होता. अण्णांच्या टेबलावर औषधांचा डबा, पेपर आणि विमान. त्यांनी ते उचललं, उलटं केलं आणि सवयीने अंगठा पोटावरून मागे मागे नेला, जुळणी तपासताना नेत असावेत तसा. चाकाच्या खाचेजवळ अंगठा थांबला.

“इथे काय झालंय रे?”

मी खुर्ची ओढली आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला लागलो.